आवतन आलंय, पंगत बसायची आहे

राजेहो, अभिनंदन! तुमच्या गाडीला कंपनीनं परत बोलावलंय. मोबाईलवर निरोप आला असेल, नाहीतर रजिस्टर पत्र. हे पत्र लग्नपत्रिकेसारखंच असतं. कागद जाड, वर कंपनीचं बोधचिन्ह, आणि तुमची सुरक्षितता हा आमचा ध्यास वगैरे ठळक अक्षरात. खाली बारीक अक्षरात असतं, की गाडीच्या अमुक भागात दोष 'असण्याची शक्यता' आहे, तो भाग फुकट बदलून मिळेल. त्याहून बारीक अक्षरात असतं, की पार्ट उपलब्ध झाला की कळवू. आपल्याकडे जेवायच्या बोलावण्याला आवतन म्हणतात. तसं हे आवतन. फक्त चूल कधी पेटणार हे आचाऱ्याला ठाऊक नाही, आणि तुम्ही सकाळपासून उपाशी आहात.

अशा वेळी शहाण्या गाडीमालकानं कसं वागावं, हे सांगायचा अधिकार मला आहे. एअरबॅगच्या पार्टासाठी मी चौदा महिन्यांपासून उपाशी आहे.

पहिलं म्हणजे, पत्र तुमच्याच घरी येईल या भ्रमात राहू नका. माझी गाडी सेकंडहँड, २०१२ ची, नंबर एमएच ३१, म्हणजे आपल्या नागपूरचीच. पत्र गेलं पहिल्या मालकाच्या मानेवाड्याच्या पत्त्यावर. तो केव्हाच पुण्याला गेला. घरमालकानं पत्र फ्रिजवर ठेवलं, आणि तीन महिन्यांनी फ्रिज पुसताना त्याला ते सापडलं. म्हणून जुनी गाडी घेताना इंजिन कसंही असो, आधीच्या मालकाच्या घरमालकाचा स्वभाव आणि घर पुसायची वारंवारता तपासून घ्या.

मग हेल्पलाइनला फोन लावा. तिथे चेसिस नंबर मागतात, सतरा अक्षरांचा. मी भर दुपारी पार्किंगमध्ये गुडघे टेकून, बोनेटखाली मान घालून, टॉर्च तोंडात धरून तो वाचला. धुळीनं माखलेले आकडे बोटानं पुसून काढले. दुसऱ्या दिवशी समजलं की तोच नंबर आरसीवर छापलेला असतो, आणि आरसी माझ्या पाकिटात होती. असो. फोनवरच्या मॅडमनं विचारलं, "सर, ते ओ आहे की झिरो?" या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. हे मी नेमकं आदल्या रात्री वाचलं होतं, तर मॅडमना समजावून सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता पसरली, आणि मग होल्डवरची बासरी सुरू झाली. ती बासरी मला आता पूर्ण पाठ आहे. तात्पर्य, हेल्पलाइनला ज्ञान शिकवू नये. झिरो म्हणून मोकळं व्हावं.

आता सर्व्हिस सेंटर. तिथे काच असते, थंडगार एसी असतो, मशीनची कॉफी असते आणि टाय लावलेला एक कोवळा मुलगा असतो. संवाद जसाच्या तसा देतो.

"सर, पार्ट बॅक-ऑर्डरला आहे."

"म्हणजे काय भाऊ?"

"म्हणजे आपण ऑर्डर टाकूनच राहिलो सर, पण वरून लॉटच नाही येऊन राहिला."

"मग कधी येईल?"

"आला का पहिला फोन तुम्हालेच."

"तोपर्यंत गाडी चालवू का नको?"

"चालवा ना सर, बिनधास्त. फक्त ठोकू नका."

या शेवटच्या वाक्यावर थांबून जरा विचार करा. बिघाड एअरबॅगमध्ये आहे. एअरबॅग धडकल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे धडकलोच नाही तर बिघाड नाही! इतकं साधं तर्कशास्त्र त्या मुलाला सुचलं आणि जगभरच्या अभियंत्यांना सुचलं नाही. आपल्या रिंग रोडवर मुद्दामच कोण ठोकतो? समोरून उलट्या बाजूनं येणाऱ्या बाईकवाल्याला एवढंच सांगायचं, की दादा, माझा पार्ट बॅक-ऑर्डरला आहे.

आलाच आहात तर, असं म्हणत तो मुलगा गाडी बघून घेतो. वायपरचे रबर गेले. एसीत वास आहे, तो 'डिसइन्फेक्ट' करावा लागेल. अलाइनमेंट बॅलन्सिंग करूनच टाका, सर. या सगळ्याचे पार्ट, औषध आणि माणसं त्या क्षणी तिथे हजर असतात. शून्य रुपयांच्या कामाला गेलो होतो, ३,८४० रुपये देऊन आलो. ज्या कामासाठी गेलो होतो ते सोडून सगळं झालं. संध्याकाळी फोन आला, "सर, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?" दहा द्या. नऊ दिले तर त्या मुलाचा पगार कापतात म्हणे, आणि पार्ट आल्यावर पहिला फोन करणारा तोच आहे.

आता मधल्या काळाचं बघू. खरं कसब तिथेच लागतं, कारण इथून पुढे गाडीतला दोष सांभाळायची जबाबदारी कंपनीकडून हळूच तुमच्याकडे येते. जगभरात हेच चालतं, तेव्हा आपलं नशीबच फुटकं असं समजू नका. २०१४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं लाखो गाड्या परत बोलावल्या. इग्निशनची किल्ली चालता चालता मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीच्या आतल्या लोकांना हे दहा वर्षांपासून माहीत होतं. नवं स्विच मिळेपर्यंत मालकांना सल्ला काय, तर किल्लीच्या रिंगला दुसरं काही लटकवू नका, वजन पडतं. माझ्या रिंगला घराची किल्ली, कपाटाची किल्ली, कोराडीच्या देवीचा फोटो आणि नेलकटर आहे. यातलं काय काढू? देवी काढली तर गाडीत उरतो तो नुसता दोष.

२०२१ मध्ये त्याच कंपनीच्या विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या, तेव्हा मालकांना सांगितलं, दुसऱ्या गाड्यांपासून पन्नास फूट लांब लावा. पन्नास फूट! जुन्या नागपुरात, महाल नाहीतर इतवारीच्या गल्लीत उभे राहून पन्नास फूट मोजून बघा. फूटपट्टी तीन वाडे, एक किराणा दुकान आणि एका बांधलेल्या गायीतून जाते.

आपल्याकडचाही दाखला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीनं १,८१,७५४ पेट्रोल गाड्या परत बोलावल्या. पार्ट बदलायला सुरुवात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून. तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असा सल्ला. सप्टेंबरात! ज्यानं हे लिहिलं त्यानं नरेंद्रनगरचा अंडरपास बघितलेला नसावा. तिथे पाणी साचत नाही, तिथे पाणी राहतं. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा अंबाझरी ले-आऊटमधल्या गाड्या मालकांना न विचारताच पाण्यातून फिरून आल्या. त्यांना हा सल्ला कुणी वाचून दाखवायचा?

सगळ्यात स्वच्छ सल्ला जानेवारी २०२३ चा. मारुतीच्याच १७,३६२ गाड्यांचा एअरबॅग कंट्रोलर बदलायचा होता, तर सांगितलं, बदलेपर्यंत गाडी वापरूच नका. याला मी मनापासून दाद देतो. प्रामाणिक माणसं. हप्ता मात्र भरत राहायचा. बँकेचा पार्ट कधीच बॅक-ऑर्डरला नसतो.

आता जरा एअरबॅगबद्दल, कारण माझं दुखणं तेच आहे. स्टिअरिंगच्या मधोमध, झाकणाआड एक छोटी पोलादी डबी असते, तिला इन्फ्लेटर म्हणतात. धडक बसली की आतल्या गोळ्या पेटतात, वायू तयार होतो आणि पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. ताकाता नावाच्या जपानी कंपनीनं या गोळ्यांसाठी अमोनियम नायट्रेट वापरलं. हेच रसायन आपल्या उमरेडकडच्या उघड्या कोळसा खाणींत सुरुंगालाही लागतं. वर्षानुवर्षं ऊन, दमट हवा आणि तापमानाचा चढउतार सोसून गोळ्यांचा भुगा होत जातो. मग त्या नको तितक्या वेगानं पेटतात आणि डबीच फुटते. जीव वाचवायला ठेवलेल्या पिशवीतून धातूचे तुकडे येतात. एकट्या अमेरिकेत दोन डझनांहून जास्त माणसं अशी गेली, आणि काही तर अशा किरकोळ धडकेत, जिच्यातून एरवी माणूस शिव्या देत उतरला असता. तिथे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलवावे लागले. २०१७ मध्ये ताकातानं दिवाळं काढलं. एवढे नवे इन्फ्लेटर एकदम बनवणार कोण? म्हणून राज्यांचे उष्ण, मध्यम, थंड असे गट पाडले आणि उष्ण-दमट भागातल्या जुन्या गाड्यांना आधी रांगेत घेतलं. कित्येकांना तर तात्पुरता इलाज म्हणून त्याच जातीचा नवा कोरा इन्फ्लेटर बसवून दिला, नंतर पुन्हा बदलू या वायद्यावर.

ऊन, दमटपणा, चढउतार. तिन्ही अटी आपलं गाव घरपोच पुरवतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पापड भाजून निघतो. जुलैत सीटला बुरशी येते. डिसेंबरात सकाळी स्टिअरिंगला हात लावला की हात मागे येतो. कुणा शास्त्रज्ञाला ही डबी खराब करायची प्रयोगशाळा हवी असेल तर त्यानं धंतोलीत भाड्यानं पार्किंग घ्यावं. रांग उष्णतेवर लावायची तर राजेहो, आपण सगळ्यात पुढे असायला हवं. पण ती रांग तिकडची. इकडे रांग आहे की नाही हेच त्या टायवाल्या मुलाला माहीत नाही.

कुणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे तर. आधी २०१२ पासून कंपन्यांच्या संघटनेची स्वेच्छेची संहिता होती. मग २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत, तक्रारीला पोर्टल आहे. शिवाय या खात्याचे मंत्री आपल्याच गावचे खासदार. एवढं सगळं जुळून आलं असताना मी आनंदानं पोर्टल उघडलं, आणि मग नियमातली अट वाचली. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. माझी २०१२ ची. डबी जितकी जुनी तितकी ती धोक्याची, आणि गाडी जितकी जुनी तितकी कायद्याची नजर अधू. धोका आणि कायदा बरोबर उलट दिशेनं चालतात. तेव्हा सल्ला असा, की दोष असलेली गाडी घ्यायचीच असेल तर नवी घ्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, इडापिडा गावाबाहेर घालवायची पुतळ्यांची मिरवणूक, तो उपायही आहे. इन्फ्लेटरचा एक बडग्या, म्हणजे पुतळा, करायचा, गळ्यात पाटी अडकवायची आणि मिरवणुकीत ओरडायचं, बॅक-ऑर्डर घेऊन जा गे मारबत! मी गल्लीतल्या मंडळाला विचारलं. त्यांची यादी महागाई आणि खड्ड्यांनीच भरली होती. माझा विषय पुढच्या वर्षी घेऊ म्हणाले. त्यांच्याकडेही बॅक-ऑर्डर.

शेवटी घरातली व्यवस्था सांगतो, हवी तर उचला. २०१४ साली अमेरिकेत टोयोटानं पार्ट मिळत नव्हते तेव्हा पुढच्या प्रवाशाची एअरबॅग बंद करून समोर 'इथे बसू नका' अशी सूचना चिकटवून दिली होती. ते वाचल्यापासून माझी बायको मागे बसते. ड्रायव्हरच्या सीटसमोर अशी सूचना चिकटवता येत नाही, ही कंपन्यांची मोठीच अडचण आहे. तर मी पुढे एकटा, ती मागे पर्स घेऊन. धरमपेठेत सिग्नलला एक माणूस काचेवर टकटक करून विचारून गेला, "बर्डीले जाणार का?"

रिकामी सीट बघवत नव्हती, म्हणून कळमन्याच्या बाजारातून आणलेलं संत्र्यांचं अर्धं पोतं मी तिथे ठेवलं. गाडीला वाटलं माणूस बसला, आणि ती बेल्टसाठी पिंग पिंग करू लागली. म्हणून पोत्याला बेल्ट लावला. पोतं खाली झालं की दुसरं आणतो. वळणावरही ते हलत नाही. पूर्ण घरात त्याच्याइतका सुरक्षित प्रवास कुणाचा होत नसेल.

आणि परवा फोन आला. पहिला फोन मलाच, मुलगा शब्दाला जागला. "सर, खूशखबर! पार्ट आला." मी उभ्या उभ्या बायकोला हाक मारली. "पण सर, फक्त ड्रायव्हर साइडचा आहे. पॅसेंजर साइडचा दुसऱ्या फेजमध्ये."

"दुसरी फेज कधी?"

"आली का पहिला फोन तुम्हालेच, सर."

बायकोनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "मग उद्या कळमन्याला जाऊन या. पोतं निम्म्यावर आलंय."