खुलासा: लस घेतली तरी तपासणी सुटत नाही

‘पुण्याची लस घेतली की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी नको’ हा शहरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा निरोप चुकीचा आहे. ही लस म्हणजे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक. हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूच्या 6, 11, 16 आणि 18 या प्रकारांसाठी ती आहे. या कर्करोगाचे सुमारे 70 टक्के रुग्ण 16 आणि 18 मुळे. मग बाकीच्यांचं काय? शिवाय आधी झालेला संसर्ग लसीने जात नाही. म्हणून तिशीपासून तपासणी हवीच; एचपीव्ही डीएनए चाचणी असेल तर दर 5 ते 10 वर्षांनी.

डोस: 9 ते 14 वयात 2, सहा महिन्यांच्या अंतराने, 15 ते 26 मध्ये 3.

2022 ची मंजुरी प्रामुख्याने अँटिबॉडींच्या मोजणीवर मिळाली. संसर्गातून कर्करोग व्हायला साधारण 15-20 वर्षं लागतात, त्यामुळे या लसीने प्रत्यक्ष किती रुग्ण घटले हे एवढ्यात कळणार नाही.