गोल चट्टा म्हणजे गजकर्णच? फिरत्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज घरोघरी फिरतोय: अंगावर गोल, खाजरा चट्टा आला की ते गजकर्णच, मेडिकलमधून ट्यूब आणा, फरक पडला की निदान पक्कं, आणि बायोप्सी टाळा, सुई लागली की आजार पसरतो. यातलं काहीच खरं नाही.

गोल म्हणजे गजकर्ण? गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग. पण सोरायसिस, एक्झिमा, ग्रॅन्युलोमा ॲन्युलारे या बुरशीशी संबंध नसलेल्या त्वचाविकारांचे चट्टेही गोल दिसतात. कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी आहे की नाही ते बहुधा कळतं. इतकी साधी तपासणीही न करता ट्यूब दिली जाते, याचा संताप येतो.

फरक पडला म्हणजे निदान बरोबर? सगळ्यात घातक वाक्य हेच. अशा अनेक ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड असतं. त्याने एक्झिमा आणि सोरायसिस शमतात. गजकर्णाची खाजही थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि चट्ट्याची ओळखीची कड पुसली जाते. मायकोसिस फंगॉइडिसचा चट्टाही फिका पडतो. हा त्वचेतल्या टी-पेशींचा, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा, दुर्मीळ कर्करोग. आलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी 1806 मध्ये त्याचं वर्णन केलं, तरी आजही निदानाला अनेकदा वर्षं जातात, कारण सुरुवातीला तो एक्झिमासारखाच दिसतो. सावळ्या त्वचेवर, विशेषतः लहान वयात, तो कधीकधी फिकट डागांच्या रूपात येतो आणि कोड किंवा कुष्ठरोग समजला जातो. कुष्ठरोगाच्या डागावर स्पर्श सहसा कमी कळतो. मायकोसिस फंगॉइडिसच्या डागावर तसं होत नाही.

बायोप्सीने पसरतो? नाही. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखादा टाका पडतो. मात्र एका रिपोर्टवर समाधान मानू नका. मायकोसिस फंगॉइडिसमध्ये पहिला तुकडा पुष्कळदा काहीच ठाम सांगत नाही. काही महिन्यांनी पुन्हा, दुसऱ्या जागेवरून घ्यावा लागतो. स्टेरॉइडचं मलम आधी दोन ते चार आठवडे डॉक्टरांना विचारून थांबवलेलं बरं, नाहीतर खुणा झाकल्या जातात.

आणि ‘कर्करोग’ ऐकून हातपाय गाळू नका. सुरुवातीच्या टप्प्यात मलमं आणि प्रकाशोपचार चालतात, आयुर्मान जवळपास इतरांइतकंच राहतं.

कंबर, नितंब, मांड्या अशा झाकलेल्या जागी चट्टे महिनोन्‌महिने येत-जात असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि जुने फोटो सोबत न्या, आणि बायोप्सी करायची का, हे स्वतःहून विचारा.