पोलॉक, सीआयए आणि दादाचं ढकलपत्र

पुतणीला जेजेत, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात जायचंय. सीईटीचा फॉर्म भरायची वेळ आली आणि दादाने घरच्या ग्रुपवर एक ढकलपत्र टाकलं. वर दोन शब्द: ‘वाचा आणि ठरवा’. मजकूर थोडक्यात असा: मॉडर्न आर्ट ही सीआयएने, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने, जन्माला घातलेली फसवणूक. अमूर्त चित्रं काढणारा अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉक त्यांचा पगारी माणूस. रशियाला खिजवायला अमेरिकन सरकारने ही चित्रं जगाच्या गळ्यात मारली. आपले अमूर्त चित्रकार गायतोंडेही त्याच पैशांवर मोठे झाले. आणि असली चित्रं पाच वर्षांचं पोरही काढेल.

हे आधीही दोन-तीनदा आलं होतं, सोडून दिलं. आता पोरीच्या फॉर्मवर आलंय म्हणून लिहिते.

जन्माला घातली म्हणे! सीआयए स्थापन झाली १९४७ साली. पोलॉकचं पहिलं एकल प्रदर्शन न्यूयॉर्कला पेगी गुगेनहाइमच्या गॅलरीत झालं १९४३ ला. म्हणजे बाप मुलापेक्षा धाकटा. सरकारी पगार पोलॉकला होता, पण तो त्याआधी, मंदीत बेकार चित्रकारांसाठी रूझवेल्ट सरकारने काढलेल्या योजनेतला. रोजगार हमीच म्हणा. त्यात हेरगिरी कुठून आली?

‘गळ्यात मारली’ वाचून मात्र मी हातातला चहा खाली ठेवला, कारण घडलं ते नेमकं उलटं. १९४६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने परदेशात फिरवायला ७९ तैलचित्रं सुमारे ४९ हजार डॉलरना विकत घेतली. काही प्रागपर्यंत गेली, काही क्युबा-हैतीला. इकडे अमेरिकेत वर्तमानपत्रांनी करदात्यांच्या पैशावरून बोंब ठोकली, संसदेत आरडाओरडा झाला. काही चित्रकार डावे, काही बाहेरून आलेले, त्यामुळे चित्रंही कम्युनिस्ट ठरली! यासुओ कुनियोशीने काढलेल्या सर्कशीतल्या बाईच्या चित्राची खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी टिंगल केली. १९४७ मध्ये दौरा अर्ध्यावर गुंडाळला आणि पुढच्या वर्षी सगळी चित्रं ‘युद्धातलं उरलेलं सामान’ म्हणून विकायला काढली. जलरंगातली धरून ११७ चित्रांचे आले ५,५४४ डॉलर. शिक्षणसंस्थांना ९५ टक्के सवलत होती. अलाबामातल्या एका कॉलेजने ३६ चित्रं १,०७२ डॉलरना उचलली. आपल्याकडचे साड्यांचे सेलही इतके खाली येत नाहीत.

एक दाणा खरा आहे, नाइलाजाने कबूल करते. संसद अशी अंगावर येते म्हणूनच पुढचा खेळ लपूनछपून झाला. १९५० ला निघालेल्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ या सांस्कृतिक संस्थेला सीआयएचा पैसा होता, सीआयएत हे खातं सांभाळलेल्या टॉम ब्रेडनने १९६७ मध्ये लेख लिहून ते स्वतःच सांगितलं. मुंबईहून १९५५ पासून निघणारं ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिकही याच संस्थेच्या मदतीवर चालायचं. (ढकलपत्रवाल्याला हा घरचा धागा सापडलाच नाही. मीच पुरवला, घ्या.)

पण असली ढकलपत्रं ज्याच्या जिवावर फिरतात त्या १९९५ च्या ब्रिटिश वृत्तपत्रातल्या लेखातच सीआयएचा एक माजी अधिकारी म्हणतो, की हे काम दोन-तीन हात मध्ये ठेवूनच करता यायचं, पोलॉकला त्यात गुंतवण्याचा प्रश्नच नव्हता. आपण कोणाच्या पगारावर आहोत हे ज्याला ठाऊकच नाही, असा पगारी माणूस मी तरी पाहिलेला नाही. पोलॉक आणि त्याच्यासारख्या अमेरिकन चित्रकारांचं गाजलेलं प्रदर्शन युरोपातल्या आठ शहरांत फिरलं ते १९५८-५९ ला; पोलॉक १९५६ मध्येच मोटार अपघातात गेला होता. मंडपावर नेत्याचा फ्लेक्स लागला म्हणून गणपती त्याच्या पक्षाचा होतो का?

गायतोंड्यांना १९६४ मध्ये रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती मिळाली, ते न्यूयॉर्कला राहिले, हे खरं. पण ओळखू येणाऱ्या आकृत्या त्यांनी १९५०चं दशक संपता संपताच सोडल्या होत्या. म्हणजे अमूर्त आधी, अमेरिकन पैसा नंतर.

राहिलं पाच वर्षांचं पोर. गायतोंड्यांचं एक चित्र मी अगदी जवळून पाहिलंय. रोलरने चढवलेला रंग, पॅलेट नाइफने खरवडलेला, पुन्हा चढवलेला. एका कडेला खालचा पिवळा नुसता डोकावतो, आणि तो तिथेच का थांबला हे बघत मी बराच वेळ उभी होते. दादा, पाच वर्षांच्या पोराच्या हातात रोलर देऊन बघ एकदा. भिंत मात्र तुझी.

आणि फॉर्मवर पालकांची सही राहिलीये.