अर्थनीती शहाणी असली की मतपेटी नको?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. 'लोकशाहीचं कौतुक पुरे. अर्थनीती बरोबर असली की देश वर येतो, निवडणुका होवोत न होवोत. चिली बघा, चीन बघा, सिंगापूर बघा. आणि मतं देऊन काय होतं ते व्हेनेझुएलात बघा.' ऐकायला चपखल आहे. बघूच मग.

चिलीत १९७३मध्ये लष्करप्रमुख पिनोशेनं सत्ता बळकावली आणि शिकागोत शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांच्या हाती कारभार दिला. संसद बंद, कामगार संघटना चिरडलेल्या. मोकळ्या बाजाराच्या सिद्धांताला याहून मोकळं रान कुठे मिळणार? १९७९मध्ये त्यांनी डॉलरचा दर ३९ पेसोंना (पेसो म्हणजे तिथलं चलन) बांधून टाकला, परदेशी कर्ज बेसुमार वाढलं आणि १९८२मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे १४ टक्क्यांनी आकसली. खासगीकरणाच्या या पंढरीत पुढच्याच जानेवारीत सरकारला बँका ताब्यात घ्याव्या लागल्या! १९८८च्या सार्वमतात लोकांनी पिनोशेला नकार दिला. पुढच्या निवडून आलेल्या सरकारांनी बाजारपेठ तशीच ठेवली, पण कर वाढवून तो पैसा गरिबांसाठी वापरला. गरिबी झपाट्यानं घटली ती तेव्हा.

चीनची भरभराट १९७८नंतरची. त्याच कम्युनिस्ट पक्षानं, त्याच एकहाती सत्तेनं वीस वर्षं आधी काय केलं, ते मजकुरात सोयीस्करपणे गाळलंय. १९५८च्या 'मोठ्या झेपे'त, म्हणजे उत्पादन एकदम वाढवायच्या माओच्या मोहिमेत, कम्यूनचे (सामुदायिक शेतीच्या गटांचे) अधिकारी वरच्यांना खूश करायला पिकाचे आकडे फुगवून कळवत, आणि सरकारी धान्यवसुली ठरे त्याच आकड्यांवर. कागदावर वाढलेलं पीक भरून काढायला शेतकऱ्याच्या घरातलं धान्य उचललं जाई. निर्यातही चालूच होती. संरक्षणमंत्री पेंग दहुआई यांनी जुलै १९५९मध्ये माओला पत्र लिहून या फुगवाफुगवीबद्दल सांगितलं. त्यांचं पद गेलं. उपासमारीत कोट्यवधी माणसं मेली. सिद्धांत चुकलाच होता, पण तो चुकलाय हे कळूनही सरकार घालवायची सोय कुणाकडे नव्हती. बाजाराकडे वळायला माओच्या मृत्यूची वाट पाहावी लागली.

सिंगापूर मोकळ्या बाजाराचा नमुना म्हणून दाखवणाऱ्यांची मला गंमत वाटते. तिथले दहातले जवळपास आठ लोक सरकारनं बांधलेल्या घरांत राहतात. आणि २०११मध्ये सत्ताधाऱ्यांची मतं ६० टक्क्यांपर्यंत घसरली, तशी सरकारी घरबांधणी वाढली. धाक तिथेही मताचाच.

व्हेनेझुएलाच्या मुद्द्यात मात्र दम आहे. राष्ट्राध्यक्ष चावेझना १९९८मध्ये लोकांनीच निवडलं, नंतरही पुन्हा पुन्हा निवडलं. सगळा डोलारा तेलाच्या पैशावर उभा राहिला तो मतदारांच्या संमतीनं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१५मध्ये त्याच मतदारांनी संसद विरोधकांच्या हाती दिली. न्यायालयाच्या निकालांनी तिचे अधिकार काढून घेतले आणि २०१७मध्ये तिच्या डोक्यावर दुसरीच सभा आणून बसवली गेली. तिथल्या मध्यवर्ती बँकेनंच नंतर कबूल केलेली १ लाख ३० हजार टक्के महागाई २०१८ची, म्हणजे मताची ताकद काढून घेतल्यानंतरची आहे.