वेशीवर टांगलेलं

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलाय. तालुक्याच्या एका तरुण पत्रकाराने वाळीत टाकलेल्या कुटुंबाची बातमी लावून धरली, तर निम्मा ग्रुप म्हणतो, "हा पत्रकार नाही, कार्यकर्ता आहे." मी त्याची बाजू घेतली. लगेच उत्तर आलं, "तू शिकागोत बसून घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस."

ऑफिसला जाताना मी रोज आयडा बी. वेल्स ड्राइव्ह हा रस्ता ओलांडतो. १८६२ साली मिसिसिपीत गुलामीत जन्मलेली ही बाई मेम्फिसमध्ये 'फ्री स्पीच' हे वर्तमानपत्र चालवायची. मार्च १८९२ मध्ये तिचा मित्र टॉमस मॉस आणि त्याच्या दोन सोबत्यांना जमावाने तुरुंगातून ओढून नेलं आणि गोळ्या घातल्या. मूळ दुखणं एवढंच, की त्यांच्या किराणा दुकानामुळे गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटत होतं. आयडाने लिहायचं थांबवलं नाही. मे महिन्यात ती गावाबाहेर असताना तिचं कार्यालय फोडलं आणि परत आलीस तर जीव घेऊ, असा निरोप धाडला.

तिने बाजू घेतली होती, उघड घेतली होती. पण जमावाने घेतलेल्या बळींचे आकडे कुठून उचलले? गोऱ्यांच्याच 'शिकागो ट्रिब्यून'च्या याद्यांमधून. नाव, गाव, तारीख, आरोप. बायकांच्या अब्रूसाठी जमाव चिडतो म्हणणाऱ्यांना तिने दाखवून दिलं, की बलात्काराचा आरोपसुद्धा मारल्या गेलेल्या दर तिघांपैकी साधारण एकावरच होता. आमच्या तालुक्यातल्या पोरानेही ग्रामपंचायतीचे कागद छापलेत. त्यातला एक तरी खोटा आहे, असं ग्रुपवर कुणी म्हणालेलं नाही.

आणि वेशीचं म्हणाल, तर १८९३ आणि १८९४ मध्ये ती ब्रिटनमध्ये सभा घेत हिंडली, तिथून शिकागोच्या 'इंटर ओशन' या दैनिकाला पत्रं धाडली. बदनामी करते म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतली वर्तमानपत्रं तिच्यावर तुटून पडली. आपल्या जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यांनाही कुणी वेस दाखवली असेलच. हे मी ग्रुपवर टाकलं. कुणी अंगठासुद्धा दिला नाही.

एक गोष्ट मात्र टाकली नाही. मला इथे १९ वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात एका मराठी दादांनी बजावलं होतं, "साउथ साइडला पाऊल टाकायचं नाही." साउथ साइड म्हणजे शिकागोचा दक्षिण भाग, कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेला. का, ते मी विचारलं नाही. नेपरविल या उपनगरात घर घेतलं, आणि तोच सल्ला नव्याने येणाऱ्या पाच-सहा मुलांना दिला, अगदी आपुलकीने.

साउथ साइडमधल्या किंग ड्राइव्हवरचं आयडाचं दगडी घर मी गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा पाहिलं, तेही पलीकडच्या फुटपाथवरून. शेजारी पायऱ्या झाडणाऱ्या एका कृष्णवर्णीय आजींनी विचारलं, "वाट चुकलात का?" मी म्हणालो, घर बघायला आलोय. त्या झाडू घेऊन बाजूला सरकल्या, माझ्या फोटोत येऊ नये म्हणून.

त्या मुलांना मी अजून काहीच कळवलेलं नाही.