केमोत ताप आला तर गोळी घेऊन झोपू नका, त्या फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

स्वादुपिंडाच्या कॅन्सरची केमो चालू असलेल्या घरांमधे एक मेसेज फिरतोय, माझ्याकडंच तीन नातेवाइकांकडून आला. त्यात म्हटलंय की केमोत जितका त्रास जास्त तितकं औषध लागू पडतंय, ताप आला तर तापाची गोळी घेऊन झोपा, जुलाब थांबवू नका कारण त्यातून विष बाहेर पडतं, मुंग्या नि सूज येणारच, आणि डॉक्टरांना सारखं सांगत बसलात तर ते केमोच बंद करतील. पाठवणाऱ्याला धीर द्यायचा असतो हे कळतं मला. पण दादाच्या केमोत मी पहिल्या दिवसापासून सोबत होते, आणि हा मेसेज मानला तर माणूस आयसीयूत जाऊ शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिलं, त्रासावरून औषधाचा अंदाज बांधता येत नाही. एखाद्याला फारसं काही न होता गाठ आकसते, एखादा अंथरूण धरतो नि तरी स्कॅनमधे गाठ वाढलेली निघते. ते सीटी स्कॅनवरून ठरतं, सोबत रक्तातला सीए १९-९ (कॅन्सरचा अंदाज देणारा रक्तातला घटक) बघतात, आणि तोही एकटा भरवशाचा नाही, पित्तनळी तुंबून कावीळ झाली तरी वाढतो. शिवाय काही लोकांच्या शरीरात फाइव्ह-एफयू किंवा इरिनोटेकॅन (या केमोतली दोन औषधं) मोडणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं, त्यांना तोच डोस कितीतरी जास्त भारी पडतो. पहिल्याच सायकलनंतर (केमोच्या एका फेरीनंतर) थोड्याच दिवसांत तोंड सोलवटून निघालं, जुलाब थांबेनात, तर औषध अंगात साचतंय अशी शंका घ्यायची असते. फाइव्ह-एफयूसाठी उताराही आहे, पण तो औषध संपल्यापासून ९६ तासांच्या आत द्यावा लागतो, त्यामुळं "बघू दोन दिवस" इथं चालत नाही.

आता ताप. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी (रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधे) ५०० च्या खाली गेल्या की शरीराकडं लढायलाच कोणी नसतं, पू होत नाही, सूज दिसत नाही, कधीकधी ताप हीच एकमेव खूण असते. आणि तीच खूण गोळी पुसून टाकते! १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस दिसलं की (तुमच्या टीमनं वेगळा आकडा दिला असेल तर तो) रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा आणि निघायचं, कारण पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं असतं. वयस्कर पेशंटला किंवा उलटीसाठी स्टेरॉइड चालू असेल त्याला ताप न येताही नुसती हुडहुडी भरते, बीपी पडतं, बोलणं असंबद्ध होतं. तेही तितकंच गंभीर.

या कॅन्सरमधे अजून एक भानगड असते ती स्टेंटची. गाठ पित्तनळीवर दाबते म्हणून बऱ्याच जणांना ती उघडी ठेवायला आत स्टेंट म्हणजे छोटी नळी टाकलेली असते आणि तो तुंबला की पित्तात इन्फेक्शन होतं, मग काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे चांगले असले तरी. दादाला संध्याकाळी थंडी वाजून १०१ आला, वहिनीनं गोळी दिली, तासाभरात ताप उतरला, आम्ही सगळे निवांत झोपलो. पहाटे परत हुडहुडी, लघवी कडक चहासारखी, डोळे पिवळे, उभं राहिला की चक्कर. स्टेंट तुंबला होता. वहिनीची चूक नाही, आम्हाला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. पण ती रात्र हातची गेली ती त्या गोळीमुळं.

जुलाबातून विष बाहेर पडतं हे तर साफ उलटं आहे. इरिनोटेकॅन पित्तातून आतड्यात येतं आणि तिथलं अस्तर तेच जाळतं, जुलाब म्हणजे ती इजा, त्यात पाणी नि क्षार जाऊन किडनीवर येतं. औषध चढवताना किंवा पहिल्या २४ तासांत पोटात मुरडा, घाम, तोंडाला पाणी सुटणं झालं तर नर्सला लगेच सांगा, त्याला ॲट्रोपिनचं इंजेक्शन असतं. नंतरच्या दिवसांतल्या जुलाबांना लोपेरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी, पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या पद्धतीनं. दिवसाला रोजच्यापेक्षा सात किंवा त्याहून जास्त वेळा जादा जावं लागलं, किंवा सोबत ताप, रक्त, चक्कर, पाणीही पोटात ठरत नाही, तर घरी थांबू नका. पिवळट तेलकट तरंगणारी संडास मात्र बहुतेक वेळा वेगळी गोष्ट, स्वादुपिंडाचे पाचक रस कमी पडल्याची, त्याला जेवणासोबतच्या एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात.

मुंग्यांचं म्हणाल तर ऑक्सालिप्लॅटिन या केमोतल्या औषधानंतर थोडे दिवस गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात हे खरंय. पण पुढच्या सायकलपर्यंत त्या गेल्याच नाहीत, शर्टाचं बटण लागेना, चप्पल पायातून निसटलेली कळेना, तर सांगा, नाहीतर ते कायमचं राहू शकतं. आणि सूज एकाच पायाला असेल, दुखत असेल, किंवा अचानक दम लागला तर ती रक्ताची गुठळी असू शकते, हा कॅन्सर गुठळ्यांसाठी कुप्रसिद्धच आहे. फाइव्ह-एफयू हळूहळू सोडणारा पंप चालू असताना छातीत दुखलं तर तेव्हाच इमर्जन्सीत.

राहिलं केमो बंद करतील हे. या भीतीपोटीच लोक लपवतात, दादानंही लपवलं. डॉक्टरांकडं बंद करण्याआधी कितीतरी पर्याय असतात, डोस कमी करणं, आठवडाभर पुढं ढकलणं, काउंट वाढवायचं इंजेक्शन, एकच औषध काढून बाकीची चालू ठेवणं. फ्रान्स आणि कॅनडातल्या ज्या ट्रायलचा रिझल्ट २०१८ ला आला त्यात ऑपरेशन झालेल्या पेशंटना फोलफिरिनॉक्स (फाइव्ह-एफयू, इरिनोटेकॅन, ऑक्सालिप्लॅटिन वगैरे एकत्र देण्याची केमो) सौम्य करून दिलं होतं, फाइव्ह-एफयूचा एकदम द्यायचा डोस काढलेला, इरिनोटेकॅन तर त्रास बघून ट्रायल चालू असतानाच (शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला) १८० मिलिग्रॅमवरून १५० वर आणलेलं. तरीही मध्यक आयुर्मान (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले असा आकडा) ५४.४ महिने निघालं, नुसतं जेमसिटाबिन हे दुसरं केमोचं औषध घेणाऱ्यांचं ३५. म्हणजे डोस कमी केला की सगळं संपलं असं नसतं. उलट सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर भिनून अवयव बिघडणं) होऊन महिनाभर ॲडमिट राहिलं की केमो खरंच थांबते.

दादाचा डोस त्या पहाटेनंतर कमी केला, तीन आठवड्यांची गॅप पडली, आणि उरलेल्या सायकल झाल्या. आता फ्रिजच्या दारावर एक कागद असतो, शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली, औषधं कोणती, स्टेंट आहे, कशाची ॲलर्जी आहे, आणि रात्रीचा इमर्जन्सी नंबर, म्हणजे फोनवर घाबरलेल्या माणसालाही नुसतं वाचून दाखवता येतं.