रिफ्रेशने नवा सर्व्हिस वर्कर येत नसतो!

"रिफ्रेश मारा, नवी आवृत्ती दिसेल" हे सांगणं थांबवा आता! सर्व्हिस वर्कर म्हणजे ब्राउझरमध्ये पानामागे चालणारी, पानाच्या विनंत्या हाताळणारी स्क्रिप्ट. जुन्या वर्करच्या ताब्यातलं एकही पान उघडं असेपर्यंत नवा वेटिंगमध्येच, म्हणजे ताब्याची वाट बघत, बसतो. टॅब एकच असला तरीही, कारण नव्या पानाचा प्रतिसाद येईपर्यंत जुनं पान हललेलं नसतं.

मग वैतागून वर्करच्या इन्स्टॉलमध्येच डोळे झाकून स्किपवेटिंग (वाट न बघता लगेच ताबा घ्यायची आज्ञा) टाकायचं! नवा वर्कर ॲक्टिव्हेट होताना जुनी कॅशे (साठवलेल्या फाइली) सहसा पुसली जाते, उघड्या पानाला मात्र पुढे जुनीच स्क्रिप्ट लागते. ती सर्व्हरवरूनही उडालेली असली की थेट ४०४, म्हणजे फाइल सापडतच नाही.

अहो, आधी "नवी आवृत्ती घ्या" असं बटण दाखवा. ते दाबल्यावरच वेटिंगमधल्या वर्करला पोस्टमेसेजने निरोप पाठवा, स्किपवेटिंग तिथे करा आणि कंट्रोलरचेंज (पानाचा ताबा नव्या वर्करकडे गेल्याची सूचना) आल्यावर पान रीलोड करा. एकदाच!